रजोनिवृत्तीनंतरची अस्थिसुषिरता

मासिक पाळी कायमची थांबल्यावर अंडाशयातून मिळणारे इस्ट्रोजेन हे हॉर्मोन घटते आणि त्यामुळे हाडातील ऊतक कमी होऊन हाड ठिसूळ बनते, ती विकृती. बोलण्यात ‘हाडे ठिसूळ होणे’ किंवा ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. परिभाषेत अस्थिविरलता हाही शब्द आढळतो. पण पोकळ, छिद्रे असलेले या अर्थाचा ‘सुषिर’ शब्द (बासरी, सनई ही सुषिर वाद्ये होत) विकृतीचे स्वरूप अधिक नेमके सांगतो.

ऑस्टिओपोरोसिस या मूळ संज्ञेचा उगम वादग्रस्त आहे. स्ट्रासबुर्ग येथील विकृतिवैज्ञानिक झां लोबश्टाइन यांनी १८३० च्या सुमारास ती प्रथम योजली, असे सामान्यतः मानले जाते. मात्र त्यांनी वर्णिलेले रुग्ण आजच्या अर्थाने अस्थिसुषिरतेचे होते की जन्मजात अस्थिभंगुरतेचे, याविषयी एकमत नाही. दुसरा पक्ष अधिक संभाव्य वाटतो. म्हातारपणी हाडाचे कवच पातळ होते आणि खुबा सहज मोडतो, हे लंडनचे शल्यचिकित्सक ॲस्टली कूपर यांनी १८२० च्या दशकातच नोंदले होते. फक्त त्याला त्यांनी वेगळे नाव दिले नाही. ऑस्ट्रियातील गुस्टाफ पोमर यांनी १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने अस्थिमृदुता व अस्थिसुषिरता यांत फरक दाखवला. अस्थिमृदुतेत हाडाचा सांगाडा असतो, पण त्यात कॅल्शियम नीट बसत नाही. अस्थिसुषिरतेत आहे ते हाड चांगले, पण कमी. संज्ञा लोबश्टाइन यांची मानली, तरी संकल्पनेचे श्रेय पोमर यांना देणे योग्य.

तरीही वाकलेली पाठ हे वयाचेच लक्षण, ही समजूत टिकून राहिली. ती मोडण्याचे काम बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील फुलर ऑल्ब्राइट (१९००–६९) यांनी केले. त्यांनी व सहकाऱ्यांनी १९४० व १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ६५ वर्षांखालील ४२ रुग्णांपैकी ४० जणी रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रिया होत्या. शस्त्रक्रियेने अंडाशय काढलेल्या स्त्रियांतही विकृती दिसे. म्हणजे प्रश्न वयाचा तेवढा नव्हता, हॉर्मोनाचा होता. कणा आणि कटी यांना इजा होते, कवटी बहुधा वाचते, हेही त्यांनी टिपले. या विचारामागे पक्ष्यांवरील संशोधन होते. अंडे घालण्यापूर्वी कबुतराच्या मादीच्या हाडांच्या पोकळीत नवे हाड भरते, असे काइस व पॉटर यांनी १९३४ मध्ये दाखवले होते. पुढे इस्ट्रोजेन देऊन तोच बदल घडवता आला. ऑल्ब्राइट यांनी रुग्णांना इस्ट्रोजेन देऊन मूत्रातून जाणाऱ्या कॅल्शियमचे मापन केले, तेव्हा ते घटलेले आढळले. हे सारे काम चालू असताना त्यांना स्वतःला कंपवात जडलेला होता, याची नोंद येथे केलीच पाहिजे.

इस्ट्रोजेन नसल्यामुळे अस्थिजनक पेशी सुस्तावतात व नवे हाड कमी घडते, हे त्यांचे स्पष्टीकरण मात्र टिकले नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून किरणोत्सर्गी कॅल्शियमच्या साहाय्याने केलेल्या मापनांत हाड घडण्याचा वेग सहसा घटलेला आढळला नाही. वाढलेले असते ते हाडाचे शोषण. ब्रिटनमधील संशोधक नॉर्डिन यांनी आहारातील कॅल्शियमच्या कमतरतेवर भर दिला. कॅल्शियम पुरेसे हवे हे खरे; पण रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतील झपाट्याची झीज त्याने पूर्णपणे उलगडत नाही. कारणाविषयी ऑल्ब्राइटच बरोबर होते, असे आजचे बहुसंख्य अभ्यासक मानतात. इस्ट्रोजेन घटल्यावर आरएएनकेएल या प्रथिनाचा प्रभाव वाढतो आणि हाड पोखरणाऱ्या अस्थिभंजक पेशी अधिक संख्येने तयार होतात, अधिक काळ जगतात, हा खुलासा १९९० च्या दशकाअखेरीस त्या प्रथिनाचा शोध लागल्यानंतर पुढे आला. त्याला रोखणारे डेनोसुमॅब हे औषध अमेरिकेत २०१० मध्ये मान्य झाले. त्याआधी १९९५ पासून अॅलेंड्रोनेट हे औषध वापरात होते.

इस्ट्रोजेनने अस्थिभंग टळतात, हे अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या चाचणीतही दिसले. परंतु इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन (दुसरे एक स्त्री-हॉर्मोन) एकत्र देणारा तिचा भाग २००२ मध्ये थांबवावा लागला, कारण स्तनाचा कर्करोग व पक्षाघात यांचे प्रमाण वाढले होते. केवळ हाडांसाठी हे उपचार देणे त्यानंतर मागे पडले.

निदानासाठी कमी मात्रेच्या क्ष-किरणांनी (डेक्सा तपासणी) खनिज घनता मोजतात. तरुण, निरोगी स्त्रियांच्या सरासरीपेक्षा ती २.५ प्रमाण विचलनांनी (सरासरीभोवतीच्या सर्वसाधारण फरकाचे माप) किंवा त्याहून अधिक कमी असल्यास अस्थिसुषिरता समजावी, असा निकष जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या अहवालाने घातला. ही सरासरी प्रामुख्याने गौरवर्णीय स्त्रियांच्या मोजमापांवर आधारलेली आहे. शिवाय यंत्र घनफळ नव्हे, क्षेत्रफळामागे खनिज किती हे मोजते. त्यामुळे लहान चणीच्या व्यक्तीचे निरोगी हाडही कमी घन दिसू शकते. भारतीय स्त्रियांचा अहवाल वाचताना ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. त्यांची रजोनिवृत्ती पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा सरासरीने लवकर येते, हेही त्यासोबत पाहावे.