मत्स्यालयातील पाण्याची दुष्फेनता व सामू

गोड्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण (दुष्फेनता), बायकार्बोनेटांचा साठा आणि पाण्याची आम्ल-विम्लता (सामू) ही तीन मापे माशांना मानवतील अशी राखण्याची पद्धत. मासे पाळणाऱ्यांच्या बोलीत ही मापे अनुक्रमे जीएच, केएच आणि पीएच म्हणून ओळखली जातात. प्रस्तुत नोंदीत कोल्हापूर शहर व परिसरातील पाणी समोर ठेवले आहे.

संज्ञा : ‘दुष्फेन’ म्हणजे ज्यात साबणाचा फेस धड येत नाही असे पाणी. या शब्दात मापनाची जुनी रीतच टिकून राहिली आहे. ॲबर्डीन येथील रसायनज्ञ टॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये चुन्याने पाणी मृदू करण्याच्या कृतीचे एकस्व (पेटंट) घेतले. टिकाऊ फेस यायला साबणाचे किती द्रावण लागते, यावरून दुष्फेनता ठरवण्याची रीतही त्यांचीच. त्यांच्या नावाचा अंश म्हणजे एका इंपीरियल गॅलनमध्ये एक ग्रेन कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे लिटरमागे सुमारे १४.३ मिलिग्रॅम. फ्रेंच अंश १० मिलिग्रॅमचा आहे. जर्मन अंश कॅल्शियम ऑक्साइडवर बेतलेला असल्याने कार्बोनेटच्या हिशेबात तो १७.८ मिलिग्रॅम भरतो. मत्स्यालयाच्या छंदात जर्मन अंशच रूढ आहे. बाजारातील बाटलीवर नुसते ‘अंश’ लिहिले असेल तर बहुधा तोच समजावा. साबणाची रीत मागे पडली ती १९४० च्या दशकात. स्वित्झर्लंडमध्ये गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी ईडीटीए या संयुगाने अनुमापन करण्याची (म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने घालून प्रमाण मोजण्याची) पद्धत बसवली आणि आजच्या थेंब-चाचण्याही तिच्याच वंशातल्या आहेत. बोलीतील ‘जड पाणी’ हा शब्द सोयीचा असला तरी भौतिकीत त्याचा अर्थ ड्यूटेरियमयुक्त पाणी असा होतो, म्हणून येथे तो टाळला आहे.

‘सामू’ हा शब्द ऊसपट्ट्यात माती तपासणीच्या अहवालामुळे घरोघरी माहीत आहे. गंमत अशी की, शेताच्या मातीचा ‘सामू’ विचारणारा माणूस घरातल्या टँकचा मात्र ‘पीएच’ विचारतो.

‘पीएच’मधील ‘पी’ : हे माप कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेन सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये मांडले. यातील ‘एच’ हायड्रोजनचा, याबद्दल दुमत नाही. ‘पी’ कशाचा, यावर मात्र बरेच लिहिले गेले आहे. जर्मन ‘पोटेन्त्स’, फ्रेंच ‘प्युइसान्स’ (दोन्हींचा अर्थ गणितातील घात) आणि लॅटिन ‘पोंडस’ (वजन) अशा व्युत्पत्ती पाठ्यपुस्तकांत छातीठोकपणे दिलेल्या आढळतात. सोरेनसेन यांनी स्वतः मात्र अक्षराचा उलगडा केलेला नाही. डॅनिश संशोधक येन्स नॉर्बी यांनी २००० मध्ये मूळ लेखन तपासून वेगळे मत मांडले. मापनात तुलनेसाठी घेतलेल्या दोन द्रावणांना सोरेनसेन यांनी ‘पी’ व ‘क्यू’ अशी लागोपाठची अक्षरे दिली होती आणि त्यातले पहिले पुढे चिकटून राहिले, असे ते म्हणतात. भाषेच्या अभिमानाला या मतात काही मिळत नाही, पण मूळ लेखनाला ते अधिक जवळचे वाटते. १९२४ मध्ये सोरेनसेन व लिंडरस्ट्रॉम-लांग यांनी व्याख्या हायड्रोजन आयनांच्या संहतीऐवजी (प्रमाणाऐवजी) क्रियाशीलतेवर, म्हणजे त्यांच्या प्रत्यक्ष प्रभावावर, आणली. मोजपट्टी लॉगरिथमिक असल्याने सामू एकाने उतरला की हायड्रोजन आयन दहापट होतात. मासे पाळणाऱ्याने यातली एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

केएच की क्षारीयता : केएचला ‘कार्बोनेट दुष्फेनता’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो काटेकोर नाही. थेंब-चाचणी प्रत्यक्षात पाण्याची क्षारीयता मोजते, म्हणजे ते पाणी किती आम्ल पचवू शकते हे. केएच हा जीएचचाच भाग असता तर तो जीएचपेक्षा जास्त असूच शकला नसता. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात मात्र तो जास्त आहे, कारण तिथे बायकार्बोनेटबरोबर सोडियमचा वाटा मोठा आहे. याचे घरगुती रूप नव्या अपार्टमेंटमध्ये पाहायला मिळते. बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर बसवला की कॅल्शियम-मॅग्नेशियम जाऊन त्यांच्या जागी सोडियम येते; जीएच शून्याच्या आसपास उतरतो, केएच जिथल्या तिथे राहतो आणि सामूही चढाच राहतो. असे ‘मऊ’ पाणी टेट्रांना, म्हणजे मृदू पाण्यातल्या माशांना, मानवेल ही समजूत त्यामुळे फसवी ठरते.

कोल्हापूरचे पाणी : कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती (आणि परंपरेने गुप्त सरस्वती) मिळून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होते. शहराला नदीवरील उपशाचे पाणी मिळत आले आहे. त्यात २०२३ अखेरीपासून दूधगंगेवरील काळम्मावाडी धरणातून थेट नळवाहिनीने येणाऱ्या पाण्याची भर पडली. दोन्ही स्रोत सह्याद्रीच्या पावसाचे. हे पाणी वाहून लवकर खाली येते, खडकाशी त्याचा संबंध थोडा, म्हणून ते स्वभावाने मृदूकडे झुकते. बोअरचे पाणी बेसाल्टच्या भेगांतून दीर्घकाळ मुरत राहिल्याने कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट घेऊन वर येते. गीझरच्या कॉइलवर आणि टँकच्या काचेवर पाण्याच्या रेषेशी बसणारा पांढरा थर त्याचाच. पूर्वेकडे शिरोळच्या क्षारपड पट्ट्यात विहिरींच्या पाण्यात याखेरीज सोडियम व क्लोराइडचाही विचार करावा लागतो. पेयजलाच्या भारतीय मानकात (आयएस १०५०० : २०१२) एकूण दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा २०० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ११ जर्मन अंश असून पर्यायी स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. सामू ६.५ ते ८.५ असा सांगितला आहे. माणसाला चालणारे पाणी बहुतेक माशांनाही चालते. अडचण येते ती पाणी अचानक बदलण्याची.

मापन : केएच चाचणीत नळीत ५ मिलिलिटर पाणी घेऊन थेंब मोजत टाकतात. पहिल्या थेंबाला पाणी फिकट निळे होते, नळी हलवत राहिले की एका थेंबाला ते एकदम पिवळे पडते. प्रचलित संचात जितके थेंब तितके अंश. पाणी दुप्पट घेतले तर एक थेंब अर्ध्या अंशाचा. सामूसाठी बहुधा ब्रोमोथायमॉल ब्लू हा दर्शक असतो. तो ६ ला पिवळा, ७ ला हिरवा आणि ७.६ ला निळा दिसतो. त्यापुढे निळाच राहतो. बोअरचे पाणी ८.२ असले तरी ही नळी ७.६ च सांगेल, तेव्हा वरच्या पल्ल्याचा संच वेगळा घ्यावा. बोअरच्या ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. बादलीत हवेचा पंप लावून ते चोवीस तास ठेवले की तो निघून जातो आणि सामू चढतो. म्हणून मापन शिळ्या पाण्याचे करावे. टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) दाखवणारा मीटर प्रत्यक्षात विद्युतवाहकता मोजतो. त्यावरून दुष्फेनता सांगणे हा अंदाजच.

नियंत्रण : माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे जीवाणू नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होते आणि एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारीयता (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) खर्ची पडते. पाणी महिनोन्महिने न बदललेल्या टँकमध्ये हा साठा संपतो, सामू ६ खाली घसरतो, जीवाणू मंदावतात आणि अमोनिया साचतो. आम्ल पाण्यात तो अमोनियम रूपात असल्याने मासे तग धरून राहतात. मग एखाद्या रविवारी मालक हौसेने निम्मे पाणी बदलतो, सामू एकदम ८ कडे जातो आणि निरुपद्रवी अमोनियम विषारी अमोनियात बदलतो. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना विषारी वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तर ८ ला पाच टक्क्यांच्या वर असतो. ‘पाणी बदलले आणि मासे मेले’ या तक्रारीत दोष नव्या पाण्याला दिला जातो. तो पुष्कळदा जुन्या पाण्याचा असतो.

केएच वाढवायला खायचा सोडा पुरतो. १०० लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर सोडा सुमारे दोन अंश देतो. तो विरघळवून, दोन-तीन दिवसांत विभागून घालावा. कॅल्शियमही हवे असेल तर शिंपले किंवा प्रवाळाचा चुरा फिल्टरमध्ये ठेवतात. नकळत दुष्फेनता वाढवणारी वाळूही असते. चिमूटभर वाळूवर लिंबू पिळून बुडबुडे आले तर तिच्यात चुना आहे असे समजावे. दुष्फेनता कमी करायला घरच्या आरओचे पाणी नळाच्या पाण्यात मिसळणे ही सर्वांत खात्रीची रीत. नुसते आरओचे पाणी वापरू नये, त्यात केएच जवळजवळ नसतो. सामू उतरवण्याचे आम्लयुक्त द्राव जास्त केएचच्या पाण्यात टिकत नाहीत. सामू दोन दिवसांत परत चढतो. देशी बदामाची पाने व लाकडाचे ओंडके टॅनिन सोडून पाणी चहासारखे करतात, पण बोअरच्या पाण्यात सामूवर त्यांचा परिणाम किरकोळच.

गप्पी, मॉली, प्लॅटी व मलावी सरोवरातील सिक्लिड यांना दुष्फेन पाणी मानवते. निऑन टेट्रा ॲमेझॉन खोऱ्यातील मृदू पाण्याचे. तथापि बाजारातले बहुतेक निऑन शेततळ्यांत वा टाक्यांत वाढलेले असल्याने पाळण्यापुरता मूळ नदीचा आकडा गाठण्याचा अट्टहास अनावश्यक वाटतो. पैदास करायची असेल तर गोष्ट वेगळी.

पावसाळा : पावसाने नदीच्या पाण्याची क्षारीयता मुळात विरळ झालेली असते. त्यात गढूळपणासाठी तुरटी वाढवली की तीही क्षारीयता खाते, तुरटीच्या एका मिलिग्रॅमला सुमारे अर्धा मिलिग्रॅम. जुलै-ऑगस्टमध्ये म्हणूनच केएच आठवड्याला पाहावा. क्लोरीनचाही बंदोबस्त सोडियम थायोसल्फेटने, म्हणजे दुकानातल्या ‘अँटी-क्लोरीन’ने करावा. २०१९ व २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रे पाण्याखाली जाऊन शहराचा पुरवठा खंडित झाला होता. अशा वेळी टँकरचे किंवा बोअरचे पाणी टँकमध्ये घालण्यापेक्षा खाणे निम्म्यावर आणून दहा-बारा दिवस पाणी न बदलणे श्रेयस्कर. घालावेच लागले तर रोज दहाव्या हिश्श्याहून अधिक घालू नये.