अणुयुद्धाची भीती : घरातल्या पिढ्या (नागपूर)

अणुबॉम्ब पडेल या धास्तीला घरातले लोक कसं तोंड देतात आणि ती रीत नातवंडांपर्यंत कशी उतरते, त्याबद्दलची ही नोंद. नागपुरात यासाठी एक वाक्य तयारच असतं, "आपण देशाच्या मधात आहो बाप्पा, इथवर काय येते!"

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काहीजण ६ आणि ९ ऑगस्ट १९४५ म्हणजे हिरोशिमा-नागासाकीपासून धरतात, काही ऑक्टोबर १९६२ च्या क्युबा पेचापासून, जेव्हा अमेरिका आणि सोव्हिएत रशिया अणुयुद्धाच्या काठावर आले होते. पण त्याच महिन्यात २० तारखेला चीनने हल्ला केला होता, त्यामुळे इथल्या घरात क्युबाची काळजी करायला कोणाला फुरसत असेल असं वाटत नाही. तिसरं मत मे १९९८ च्या भारत-पाकिस्तान अणुचाचण्यांचं, आणि तेच जास्त पटतं. आजी-आजोबा सांगतात तो १९६५ आणि १९७१ चा ब्लॅकआऊट, खिडकीच्या काचांना काळा कागद, कंदिलाची वात बारीक, स्कूटरच्या हेडलाईटवर अर्धा काळा रंग, हे सगळं साध्या विमानहल्ल्यासाठी होतं. पाकिस्तानकडे तेव्हा बॉम्ब नव्हताच आणि भारताची पहिली चाचणीसुद्धा १८ मे १९७४ ची. पण गोष्ट सांगता सांगता काळा कागद आणि अणुबॉम्ब एकाच पोत्यात जातात, आणि नातवाला वाटतं आजीने अणुयुद्धच पाहिलंय.

"मधात" ला आधार झिरो माईलच्या दगडाचा, नागपुरातला हा दगड देशाचा मध्य मानला जातो. विमानांच्या काळात तो खराही होता. मात्र लाहोर ते नागपूर सरळ रेषेत साधारण साडेबाराशे किलोमीटर, आणि ६ एप्रिल १९९८ ला पाकिस्तानने उडवलेल्या घौरी क्षेपणास्त्राचा दावा होता पंधराशेचा. म्हणजे ११ आणि १३ मे ला पोखरण आणि २८, ३० मे ला पाकिस्तानचं चगाई झालं त्याच्या आधीच हे वाक्य शिळं झालं होतं. तरी टिकलं. वडिलांच्या पिढीने त्याच्या जोडीला अभिमान घेतला, पोखरणच्या बातमीवर पेढे वाटले, भीतीचं नाव काढलं नाही.

न बोलण्याबद्दल अमेरिकेतला एक अभ्यास इथे कामाचा आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मानसशास्त्रज्ञ सिबिल एस्कलोना यांनी शाळकरी मुलांना बॉम्बचं नाव न काढता विचारलं, दहा वर्षांनी जग कसं असेल, तर बऱ्याच मुलांनी आपणहून युद्ध आणि बॉम्बच काढला. मोठे गप्प बसले म्हणून पोरं विसरतात असं नाही. मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी हिरोशिमातून वाचलेल्यांमध्ये जे मन बधिर होणं पाहिलं ते मात्र प्रत्यक्ष होरपळलेल्यांचं होतं, ते नागपूरच्या दिवाणखान्याला लावणं जरा जास्तच होईल.

तयारीचं शिक्षण देणारी संस्था याच शहरात आहे हे बऱ्याच नागपूरकरांच्या गावी नसतं. २९ एप्रिल १९५७ ला इथे केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था निघाली, १ एप्रिल १९६८ ला तिचं नाव राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झालं, पुढे ती राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या (एनडीआरएफ) अकादमीत विलीन झाली. किरणोत्सारी धुळीसाठी जगभर शिकवला जाणारा ठोकताळा असा : वेळ सातपट झाली की किरणोत्साराचा जोर दहापट उतरतो. स्फोटानंतर एका तासाला १००० असेल तर ७ तासांनी १००, ४९ तासांनी १०, दोन आठवड्यांनी साधारण १. त्यामुळे पहिले दोन दिवस आतच बसायचं, बाहेरच्या भिंती आणि छपरापासून जितकं लांब जमेल तितकं. आयोडीनच्या गोळ्यांवर फार भरवसा नको, त्या फक्त थायरॉईडला आणि फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवतात. जुन्या घरातलं माजघर या हिशोबात बरोबर बसतं, तिथे तरी मधात असण्याचा फायदा आहे. फ्लॅटमध्ये ते काम पॅसेज नाहीतर बाथरूम करेल.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी नातवंडांच्या हातात मोबाईल होता आणि चॅनेलवर सायरन. १० मे ला सरकारने चॅनेलवाल्यांना बातम्यांत सायरनचा आवाज वापरू नका असं सांगितलं. आमच्याकडे आजीने त्याच्या दोन दिवस आधीच टीव्ही म्यूट करून रिमोट डाळीच्या डब्यामागे ठेवला होता.