'इन्तोक्सिकादो'पासून पुढे

जानेवारी १९८०. दक्षिण फ्लोरिडातल्या एका रुग्णालयात अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्ध अवस्थेत आणलं. घरचे क्यूबन. मुलगा 'इन्तोक्सिकादो' आहे, असं ते सांगत होते. त्यांच्या बोलीत याचा अर्थ, खाल्लेलं-प्यायलेलं काहीतरी बाधलंय. डॉक्टरांना ऐकू आलं इंग्रजी 'इन्टॉक्सिकेटेड', आणि उपचार सुरू झाले अमली पदार्थांच्या अतिसेवनावरचे. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. पुढे तडजोडीत जन्मभराच्या खर्चाचा हिशेब सुमारे ७.१ कोटी डॉलरवर गेला. दुभाषा कुणी बोलावलाच नव्हता; समोरच्याला आपलं कळतंय, असंच दोन्हीकडे वाटत होतं.

त्याआधी लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन वंशाच्या दहा स्त्रियांनी खटला भरला होता. बाळंतपणाच्या कळा चालू असताना इंग्रजी कागदांवर सह्या घेऊन आमची नसबंदी केली, ही त्यांची तक्रार. १९७८ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. संवादातला घोळ म्हणे.

कायदा खरं तर होता. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांना मूळ देशावरून भेदभाव करायला १९६४ पासून बंदी आहे. भाषेची अडचणही त्यात मोडते, हे १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी शाळकरी मुलांच्या खटल्यात मान्य केलं. दवाखान्यात मात्र दुभाषाचं काम घरातली पोरंच करत राहिली. आईच्या अंगावरून किती जातंय, हे दहा वर्षांच्या मुलाने डॉक्टरांना सांगायचं! त्याला आळा घालणारे स्पष्ट नियम आले २०१६ मध्ये. क्लिंटन यांचा २०००चा भाषा-साहाय्याचा आदेश तर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी रद्दच केला.

या सगळ्यात हक्क मिळाला तो दुभाषाचा, स्पॅनिश जाणणाऱ्या डॉक्टरचा नव्हे. 'अंगात कसकस आहे' हे तिसऱ्या माणसाकरवी इंग्रजीत पोचवून पाहा, म्हणजे फरक कळेल. अर्थात मोडक्यातोडक्या स्पॅनिशवर निभावणारा डॉक्टरही धोक्याचाच. 'इन्तोक्सिकादो' ओळखीचा वाटला म्हणूनच तर घात झाला.

कॅलिफोर्नियाने २००२ मध्ये मेक्सिकोतूनच तीस डॉक्टर आणायचा कायदा केला. पहिले डॉक्टर रुग्ण तपासायला बसेपर्यंत २०२१ उजाडलं. परवाना तीन वर्षांचा.