मुंबईवरून महाराष्ट्र ओळखता येतो का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

‘मुंबई म्हणजे महाराष्ट्र नव्हे’ असे म्हणणारे जितके, तितकेच ‘मुंबईत अख्खा महाराष्ट्र दिसतो’ म्हणणारे. हा वाद गप्पांपुरता वाटतो, पण एके काळी त्यावर राज्याची हद्द ठरायची होती. १९४८ साली भाषावार प्रांतांचा विचार करायला दार आयोग बसला, तेव्हा मुंबई महाराष्ट्रात घालू नये म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा हाच होता, की हे शहर भोवतालच्या मुलखासारखे नाही. भांडवल गुजराती-पारशांचे, भाषा अनेक, मराठी बोलणारे निम्म्याहून कमी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच आयोगापुढे निवेदन देऊन हे मुद्दे एकेक करून खोडले. पुढे १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्य सुचवले, जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली, रस्त्यावर माणसे मेली आणि १ मे १९६० रोजी वाद राजकीयदृष्ट्या मिटला. मोजण्यातली चूक मात्र तशीच राहिली. मुंबईच्या माणसांना फक्त मुंबईत मोजायचे, ती ज्या गावांतून आली त्या गावांचा तक्ता शेजारी ठेवायचाच नाही, ही ती चूक.

१९२१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती आणि त्यातले शंभरातले चौऱ्याऐंशी शहराबाहेर जन्मलेले होते. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले सव्वादोन लाखांहून अधिक. तेव्हा सावंतवाडी संस्थानाचा मुलूख सोडला तर आजचा सिंधुदुर्गही त्याच जिल्ह्यात होता. कारणे माहितीतली आहेत: कातळाची जमीन, वारसांत वाटून उरलेले तुकडे, गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताला द्यायचा वाटा (खोती कायद्याने गेली ती १९४९ साली), आणि थेट मुंबईला नेणारी आगबोट. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडले. तोवरच्या कित्येक पिढ्यांची मुंबई बंदराच्या धक्क्यावर सुरू झाली.

आता आकडे कसे वाचायचे ते पाहू. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया, उपनगर जिल्ह्यात ८६०, आणि रत्नागिरीत ११२२. नुसता मुंबईचा आकडा वाचला तर ‘हा समाज मुली जगू देत नाही’ असा निष्कर्ष निघतो. नुसता रत्नागिरीचा वाचला तर ‘इथे बाईला मान आहे’ असा. दोन्ही चूक. कमावते पुरुष एका तक्त्यातून उठून दुसऱ्यात बसले आहेत, एवढेच हे आकडे सांगतात. मुली जगू दिल्या जातात का हे तपासायचे तर शून्य ते सहा वयोगटाचा रकाना काढावा, कारण मुले नोकरीसाठी एकटी स्थलांतर करत नाहीत. त्या रकान्यात मुंबई नऊशेच्या पुढे आहे आणि बीड ८०७ वर. म्हणजे महाराष्ट्राच्या स्वभावातली ही एक भयंकर गोष्ट मुंबई पाहणाऱ्याला दिसतच नाही. ती शोधायला मराठवाड्यात जावे लागते.

‘शहर’ या शब्दाची व्याख्याही एकदा पाहून ठेवावी. नगरपालिका किंवा महानगरपालिका नसलेले गाव जनगणनेत शहर ठरते ते तीन कसोट्यांवर: लोकसंख्या किमान ५०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. पुरुषांपैकी. बायका शेतात राबत असल्या तरी पुरुष कारखान्यात गेले की गाव शहर होते. २०११ मध्ये महाराष्ट्राची ४५.२ टक्के वस्ती शहरी ठरली, तिच्यामागे ही व्याख्याही आहे.

गिरण्यांकडे पाहिले तर हा विषय सर्वांत स्पष्ट होतो. कावसजी दावर यांची पहिली गिरणी १८५४ मध्ये स्थापन होऊन १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. शहरात जात गळून पडते ही समजूत त्याच काळापासूनची आहे, आणि गिरणीचा आराखडाच ती खोटी ठरवतो. कामावर घेणारा मालक नसे, जॉबर म्हणजे मुकादम असे. तो आपल्या गावची, भावकीतली, जातीतली माणसे भरी, कारण उधारी आणि शिस्त दोन्ही गावाच्या नात्यावर वसूल होत. गैरहजर माणसाच्या जागी काम मिळेल म्हणून सकाळी फाटकावर उभ्या राहणाऱ्या बदली कामगाराला ओळख असेल तरच आत घेत. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, पगार जास्त होता, पण तिथे दलितांना मज्जाव होता. धोट्यातली, म्हणजे मागावर आडवे सूत नेणाऱ्या साधनातली, कांडी संपली की नवी बसवून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकच धोटा अनेकांच्या ओठांना लागणार, म्हणून सवर्ण विणकरांनी दलितांना आत येऊ दिले नाही. ते राहिले त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईत, कमी पगारावर. १९२८ च्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. यंत्र लँकेशायरचे होते, विटाळ इथला. पण हेही लक्षात घ्यावे, की गावात हा नियम कोणी लिहून दाखवला नव्हता. शहरात तो खाते आणि पगार यांच्या रूपाने मोजता येण्यासारखा झाला. शहर समाजाचा स्वभाव दाखवते ते अशा ठिकाणी.

त्याच नात्यांची दुसरी बाजूही गिरणगावातच होती. एका गावचे वीस-पंचवीस पुरुष मिळून खोली घेत, भाडे वाटून भरत, पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत, आणि जेवायला खाणावळीत जात. गोव्याच्या खलाशांचे ‘कूड’ याच घडणीचे: धोबी तलावाच्या परिसरात गावाच्या नावाने चालणारी वसतिगृहे, आत त्या गावच्या संताची वेदी, ठरल्या वेळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. खाणावळवाल्या बायांची नोंद कोणत्याच कामगार तक्त्यात नव्हती. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांची अन्नपूर्णा महिला मंडळात बांधणी केली, तेव्हा कुठे बँका त्यांना कर्जदार म्हणून ओळखू लागल्या.

चाळीतला शेजार हा तर मुंबईकराचा स्वभाव म्हणूनच सांगितला जातो. त्यात स्वभाव किती आणि कायदा किती, हे वेगळे करून पाहायला हवे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूने खोली सोडली तर तसे भाडे पुन्हा मिळणार नाही, म्हणून कोणी सोडेना. तीन पिढ्या एकाच खोलीत राहिल्या. मालकाला दुरुस्ती परवडेना, म्हणून पागडी, म्हणजे खोली देताना वरून घ्यायची रोख रक्कम, आली आणि पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आणि दुरुस्तीसाठीचा जादा कर, म्हणजे उपकर, आणावा लागला. उपकरप्राप्त इमारती जवळपास वीस हजार होत्या. दार उघडे ठेवून जगण्याची सवय या गर्दीत घडली. ती खोटी नव्हती, पण भाड्याच्या पावतीशिवाय ती समजत नाही. म्हणूनच १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या आणि खोल्या रिकाम्या झाल्या, तेव्हा तो शेजारही विरला. गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे करण्याचा १९९१ चा नियम २००१ मध्ये बदलला गेला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेची उरली. शेड उभ्या असलेल्या जमिनीवर घरे मागणाऱ्या कामगारांच्या वाट्याला त्यामुळे फार थोडे आले.

शहर काय लपवते हे पाण्याच्या नळावरूनही कळते. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा. पुढे मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. विहार आणि तुळशी सोडले तर सगळे पाणी शहराबाहेरून, मुख्यतः शहापूर-मोखाड्याच्या डोंगरातून येते. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतो. शहरातही नळ सर्वांना नव्हता: झोपडी कोणत्या तारखेच्या आधीची, यावर जोडणी ठरत असे. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितले, की वस्ती बेकायदा असली तरी पिण्याचे पाणी नाकारता येत नाही. मुंबईची शिस्तबद्ध पाणीव्यवस्था पाहून समाजाला शाबासकी देणाऱ्याने तानसाच्या जलवाहिनीलगत एकदा उलट्या दिशेने चालत जावे.

साथी आल्या तेव्हा शहर आणि गाव एकाच वेळी उघडे पडले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर गावाकडे पळाले. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली; ती दहा वर्षांची शांत घट समजणे चूक आहे. १८९८ मध्ये शहराची नव्याने आखणी करायला सुधार न्यास आला. रोग घरांच्या गर्दीत राहतो असे धरून त्याने समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड काढले आणि त्यासाठी चाळी पाडल्या. उठवलेले लोक दूर गेले नाहीत, कारण बदलीवाल्याला पहाटे फाटक गाठायचे असे. ते शेजारच्या चाळींत शिरले आणि गर्दी तिथे वाढली.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली, तेव्हा रेल्वे बंद होती. नाशिकच्या रस्त्याला माणसे डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघाली. श्रमिक गाड्या सुटल्या त्या १ मे पासून, महाराष्ट्र दिनी. कोकणात अनेक गावांनी वेशीवर बांबू आडवे टाकले. वर्षानुवर्षे ज्यांच्या मनीऑर्डरींवर घरे उभी राहिली त्या चाकरमान्यांना प्राथमिक शाळेच्या वर्गात वेगळे ठेवले, आणि घरचे दोन्ही वेळचा डबा शाळेच्या पायरीवर ठेवून मागे फिरत.