फार्महाऊस सायडर (सॉमरसेट आणि हेरफर्डशर)

इंग्लंडच्या नैऋत्येला सॉमरसेट आणि डेव्हन, जरा वर वेल्सच्या हद्दीला लागून हेरफर्डशर. या पट्ट्यातले शेतकरी आपल्याच बागेतल्या सफरचंदांचा रस आंबवून जे करतात ते फार्महाऊस सायडर, तिकडच्या बोलीत स्क्रम्पी. नाव ऐकून ज्यूस समजू नका, चांगली ६ ते ८ टक्के अल्कोहोलची दारू आहे.

यातली बरीचशी सफरचंदं खायच्या कामाची नसतात. किंग्स्टन ब्लॅक किंवा डॅबिनेटचा घास घेतला की कच्चं केळं चावल्यासारखं तोंड आवळतं, आणि सायडरला हवा असतो तो नेमका हाच तुरटपणा, म्हणजे टॅनिन. ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन इथे १९०३ साली यासाठी चक्क संशोधन संस्थाच निघाली, गोड, आंबट, तुरट-गोड आणि तुरट-आंबट हे चार गट तिथलेच, आणि बागवाले आजही त्याच भाषेत बोलतात.

सप्टेंबरपासून फळं पाडायची, थोडे दिवस ढिगात मऊ पडू द्यायची, मग दळायची. पूर्वी घोडा जुंपलेला दगडी घाणा असायचा. निघालेला लगदा फडक्यात गुंडाळून थरावर थर रचतात (फडक्याच्या आधी गव्हाचा पेंढा वापरायचे), या चळतीला तिथे 'चीज' म्हणतात, दुधाचा काही संबंध नाही. वरून प्रेस आवळला की रस वाहायला लागतो, तो सरळ ओकच्या पिंपात. जुन्या पद्धतीत यीस्ट वेगळं घालत नाहीत, फळावरचं आणि पिंपातलं जंगली यीस्टच हिवाळाभर सावकाश काम करतं, म्हणून दर पिंपाची चव वेगळी, कधीकधी व्हिनेगरकडे झुकलेली सुद्धा. डेव्हनमध्ये तर पोटात भयंकर कळा येण्याचा आजारच होता, १७६७ मध्ये जॉर्ज बेकर या डॉक्टरने दाखवून दिलं की दोष सायडरचा नाही, प्रेसमध्ये वापरलेल्या शिशाचा आहे.

शेतमजुरांना पगाराचा एक भाग सायडरमध्येच मिळायचा, १८८७ च्या कायद्याने मजुरीपोटी दारू देणं बंद झालं. पण आजचे छोटे उत्पादक टिकले त्यात मोठा वाटा १९७६ चा. सरकारने त्या वर्षी सायडरवर पुन्हा कर लावला आणि वर्षाला ७० हेक्टोलिटरपर्यंत, म्हणजे ७००० लिटर, साधारण १२ हजार पाइंट करणाऱ्याला सूट दिली. त्यामुळे किती जण मुद्दाम या रेषेच्या आतच राहतात, धंदा वाढवायचा म्हटलं तरी हिशोब आडवा येतो. दुसरीकडे ब्रिटिश नियमाप्रमाणे ३५ टक्के रस असला तरी बाटलीवर सायडर लिहिता येतं, बाकी पाणी-साखर चालते, म्हणून निव्वळ रसाचं करणारा शेतकरी आणि कारखाना लेबलवर एकसारखेच दिसतात, जे मला तरी अन्यायाचं वाटतं.

हेरफर्डशर आणि ग्लॉस्टरशरमध्ये असंच नाशपातीचं पेरी करतात, तीही नाशपाती खाता येत नाही. सॉमरसेटमध्ये किंग्सबरी एपिस्कोपीच्या ज्युलियन टेम्परली यांनी एक पाऊल पुढे जाऊन सायडर गाळून ब्रँडी करायचा परवाना १९८९ मध्ये मिळवला. युरोपियन युनियनचं म्हणणं, ब्रँडी द्राक्षाचीच असते. बराच वाद झाला आणि शेवटी २०११ मध्ये 'सॉमरसेट सायडर ब्रँडी' या नावाला भौगोलिक संरक्षण मिळालं.