युपिक की त्लिंगिट? अलास्काच्या मुखवट्यांचा गोंधळ

‘अलास्काचा मुखवटा’ एवढीच पाटी लावून जे विकलं जातं, त्यात अलास्काच्या दोन निराळ्या मूळ जमातींचं काम सर्रास मिसळलेलं असतं: नैऋत्येचे युपिक आणि आग्नेयेचे त्लिंगिट. युपिकांचं बेथेल आणि त्लिंगिटांच्या मुलखातलं जुनो यांत हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे, आणि भाषांचाही एकमेकींशी संबंध नाही.

फरक लाकडापासूनच सुरू होतो. त्लिंगिट घनदाट पर्जन्यवनात राहतात. आल्डर, सीडर दाराशीच. युपिकांच्या किनाऱ्यावर मोठं झाड औषधालाही मिळत नाही. त्यांचं लाकूड युकॉन आणि कस्कोक्विम या नद्या आणून देतात. वरच्या जंगलातले स्प्रूसचे ओंडके पुरात वाहत येतात नि किनाऱ्याला लागतात. त्यातून वाकड्या पात्याच्या सुरीनं मुखवटा कोरायचा. रंगाला गेरू, पांढरी माती, कोळसा.

त्लिंगिट मुखवट्यात सगळा खेळ चेहऱ्यावरच चालतो: खोल कोरलेल्या भुवया, जाड ओठ, रंगवलेल्या ठसठशीत रेषा, कुठे तांब्याचा पत्रा, कुठे अबालोनचा शिंपला. युपिक मुखवट्यात चेहरा फक्त मधोमध. बघण्यासारखं आहे ते भोवती. वाकवलेल्या लाकडाची कडी, पिसं, आणि बारीक काड्यांवर खोचलेले इवलेसे मासे, सीलचे पर, माणसाचे हात. नाच सुरू झाला की हे सगळं थरथरतं. त्या हातांना बहुधा अंगठा नसतो आणि तळव्याला भोक असतं. शिकार सगळीच मुठीत धरू नये, काही जनावरं निसटून पुन्हा यावीत, असा त्याचा अर्थ सांगतात.

त्लिंगिटांचा कुलचिन्हाचा मुखवटा ही कुळाची मालमत्ता; पिढ्यान्‌पिढ्या जपायची, समारंभात बाहेर काढायची. (शामानचे, म्हणजे आत्म्यांशी बोलणाऱ्या मांत्रिकाचे, मुखवटे वेगळे; ते त्याच्या समाधीघरात ठेवत.) युपिक मुखवटा हिवाळ्यातल्या नाचांपुरता. अंगाल्कुक, म्हणजे त्यांचा शामान, त्याला दिसलेलं सांगे. त्याबरहुकूम कोरणी होई. नाच संपला की मुखवटा जाळायचा किंवा टुंड्रावर टाकून द्यायचा.

मग संग्रहालयांत इतके आले कुठून? 1885 मध्ये बेथेलला मोरावियन या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी आले, नाचांना विरोध झाला. त्याच सुमारास संग्राहक आणि व्यापारी मुखवटे विकत घेत होते. बेथेलचा व्यापारी ट्विचेल यानं न्यूयॉर्कचे संग्राहक जॉर्ज हाय यांना बरेच विकले; त्यातले काही पुढे 1940 च्या दशकात कवी आंद्रे ब्रेतोंसारख्या अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट) लेखक-कलावंतांच्या घरी पोचले.

या प्रवासात पिसं झडतात, कडी तुटतात, उरतो नुसता चेहरा, आणि तिथेच भलेभले फसतात. अशा वेळी कडेची भोकं शोधावीत. काड्या-पिसं खोचण्यासाठी पाडलेली बारीक भोकं ओळीनं दिसली, तर युपिक असण्याची शक्यता मोठी.

नव्या मुखवट्यांत मात्र पिसांवरून जुनेपणाचा अंदाज बांधू नये. स्थलांतरित पक्ष्यांची पिसं लावलेली वस्तू विकायला अमेरिकी कायद्यानं बंदी होती, म्हणून अशी पिसं दिसली की मुखवटा जुना वाटे. पण अलास्काच्या मूळ रहिवाशांना, खाण्यासाठी मारलेल्या ठरावीक पक्ष्यांच्या पिसांपुरती, विक्रीची मोकळीक 2017 मध्ये मिळाली.