ड्रेनेज लाइनची गळती शोधणारा प्रकाशतंतू : पार्श्वभूमी

ड्रेनेज लाइन दोन तऱ्हांनी गळते आणि त्यांची गल्लत झाली की शोधही चुकतो. लाइन भूजल पातळीच्या वर असेल, तर मैलापाणी सांध्यांतून मातीत झिरपते. पातळी लाइनच्या वर असेल, तर उलटे होते. भूजल आत शिरते आणि पंपिंग स्टेशन ते नको असलेले पाणीही उपसत बसते. त्या पाण्याबरोबर भोवतालची बारीक माती आत ओढली जाते, पोकळी वाढते आणि एक दिवस वरचा रस्ता खचतो.

पूर्वी लाइनमध्ये धूर सोडून तो कुठून वर येतो ते बघत, किंवा रंग टाकून तो पुढच्या चेंबरला येतो का ते तपासत. पुढे चाकांच्या गाडीवरचा कॅमेरा आला. तो आजही लागतोच, पण त्याला दिसते ते त्या क्षणापुरते. भूजल खाली गेलेल्या उन्हाळ्यात तोच सांधा कोरडा दिसतो, आणि वाहत्या पाण्याखालचा तळ तर दिसतच नाही.

उत्तर मिळाले ते पाण्याच्या तापमानातून, आणि त्याचे मूळ कोलकात्यात आहे. 28 फेब्रुवारी 1928 रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी विखुरलेल्या प्रकाशाचा एक अगदी क्षीण भाग रंग बदलून येतो, हे दाखवले. बदललेल्या प्रकाशाचे दोन पट्टे असतात. त्यांपैकी कमी तरंगलांबीचा, म्हणजे अँटी-स्टोक्स पट्टा तापमानाबरोबर लक्षणीय वाढतो, स्टोक्स पट्टा फार थोडा. दोघांच्या गुणोत्तरावरून तापमान काढता येते.

1970 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग या काच कंपनीच्या प्रयोगशाळेत पुरेसा पारदर्शक काचतंतू, म्हणजेच प्रकाशतंतू (ऑप्टिकल फायबर), तयार झाला आणि काही वर्षांतच तुटलेली केबल शोधण्यासाठी तंतूत लेझरचा स्पंद सोडून परतणारा प्रकाश मोजू लागले. तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. म्हणून जाणे-येणे दोन्ही धरून 10 नॅनोसेकंद उशिरा आलेला प्रतिध्वनी 1 मीटर पुढचा असतो. 1980च्या दशकात या युक्तीला रामन विकिरणाची, म्हणजे विखुरताना प्रकाशाच्या होणाऱ्या त्या रंगबदलाची, जोड मिळाली आणि अख्खा तंतूच तापमापक झाला. तेलविहिरी, वीजकेबल आणि बोगद्यांत तो रुळल्यावर नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या संशोधकांनी तो गटारांत उतरवला. तिथे पर्जन्यवाहिनीला चुकून जोडलेली सांडपाण्याची नळी ही मोठी डोकेदुखी होती.

आलेख एकदा पाहिला की पद्धत कळते. आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर वेळ, रंग तापमानाचा. सकाळी कुणी आंघोळ केली की एका ठराविक मीटरवर उबदार ठिपका उमटतो आणि तिरकी रेघ होऊन प्रवाहाच्या दिशेने सरकतो. रेघ जिथे सुरू होते, तिथेच ती चुकीची जोडणी. शिरणाऱ्या भूजलाची खूण वेगळी असते. एका जागेपासून पुढे पाणी सतत थोडे थंड दिसते, आणि रात्री वापर थांबल्यावर ती पायरी जास्त ठळक होते.

तंतूची केबल स्टीलचे कवच असलेली घ्यावी, कारण उंदीर साधी केबल कुरतडतात. जेटिंग नळीने, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पुढे सरकणाऱ्या नळीने, दोरी एका चेंबरमधून दुसऱ्यात न्यायची आणि तिच्यामागून केबल ओढायची. यात माणसाला आत उतरावे लागत नाही, आणि आपल्याकडे हा फायदा फार मोठा आहे. दोन्ही टोकांना काही मीटर केबल माहीत असलेल्या तापमानाच्या पाण्यात, एकीकडे बर्फाच्या, बुडवून ठेवावी, कारण दोन्ही पट्टे तंतूत सारख्या प्रमाणात क्षीण होत नाहीत आणि त्या फरकाची चूक अंतराबरोबर वाढत जाते.

बिघाड बहुधा साधेच असतात. केबल गाळात पुरली की चढउतार बोथट होतात, तरंगली की ती पाण्याऐवजी हवा मोजते, चिंध्या अडकल्या की लाइनच तुंबते. मैलापाणी बाहेर झिरपत असेल तर आतल्या केबलला ते कळतच नाही. त्यासाठी केबल लाइन टाकतानाच बाहेर, तिच्या खालच्या मातीत घालावी लागते.

नेदरलँड्सच्या थंड भूजलाशी तुलना करता महाराष्ट्रात भूजल आणि सांडपाण्याच्या तापमानात फरक कमी असतो. त्यामुळे इथे 0.1 अंशाची अचूकता गरजेची ठरते, आणि मोजणी पावसाळ्यानंतर, भूजल वर असताना, मध्यरात्रीनंतरच्या तासांत करणे योग्य.